मासळी नंतर, आधी पेज आणि वाटप

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरकडची एक मुलगी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागली आहे आणि मडगावात मैत्रिणीबरोबर भाड्याने राहते. हॉटेलच्या फिश थाळीचा तिला वीट आलाय. इथल्या घरांतून रोज जे साधं, पोटाला बरं वाटणारं जेवण होतं ते तिला शिकायचंय. उकडे तांदूळ आणले तर वास आला, सोलकढी केली तर फाटली, मिक्सरमधलं खोबरं चरबरीत राहिलं. जूनअखेर आईबाबा आठ दिवस राहायला येणार आहेत. दोघंही माळकरी, तेव्हा त्यांना काय वाढायचं हीही काळजी आहे.

मी फोंड्याला डबे करते. घरच्यांचं जेवण आणि बाहेरचे डबे एकाच ओट्यावर होतात, त्यामुळे रोजचं जेवण म्हणजे काय याबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत. उत्तर लांबणार आहे, सवडीनं वाचा.

मासळी सध्या बाजूला ठेवा. पर्यटकांना वाटतं गोव्यात तिन्ही त्रिकाळ नुस्तं, म्हणजे मासळी, लागतं. हिंदू घरांत सोमवार बहुतेकांचा शिवराक, म्हणजे शाकाहारी. कोणाचा गुरुवार, कोणाची एकादशी, त्यात श्रावण आणि चवथीचे दिवस. शिवाय 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ताजी मासळी कमी आणि महाग. तरी इथल्या लोकांच्या जेवणाचं काही अडत नाही, कारण जेवणाचा पाया मासळीवर नाहीच. तो आहे उकड्या तांदळावर आणि नारळाच्या वाटपावर, म्हणजे मसाल्याबरोबर वाटलेल्या खोबऱ्यावर. ही दोन कामं हाताला बसली की पुढचं सगळं त्यातूनच निघतं, मासळीचं हुमण, म्हणजे नारळाच्या वाटपातला रस्सा, तोसुद्धा.

आधी तांदूळ. उकड्या तांदळाला वास येतो हे खरं आहे, आणि तो वाईट तांदळाचा असतो असंही नाही. साळ भिजवून, वाफवून, वाळवून मग ती कांडतात. भिजवण्याच्या त्या पायरीत वास येतो. पण त्याच वाफेनं सालीखालचं बी-1 जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरतं आणि दाण्यातलं पिष्ट एकदा शिजून घट्ट बसतं. म्हणून उकडा दाणा तासभर रटरटला तरी लगदा होत नाही. साध्या पांढऱ्या तांदळाची, ज्याला इथे सुरय म्हणतात, पेज केलीत तर खळ होईल. पेजेला उकडेच हवेत. गोव्यात ज्योती आणि जया ही वाणं सगळीकडे पिकतात. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीतला, खारं पाणी सोसणारा कोरगुट कुठे मिळाला तर जरूर घ्या. तो लालसर असतो, शिजायला वेळ खातो, पण त्याच्या पेजेची चव वेगळी.

वासावर उपाय सोपा. तांदूळ कोमट पाण्यात तीन-चारदा चोळून धुवा आणि अर्धा तास भिजत ठेवून ते पाणी ओता. तेवढ्यानं निम्मा वास जातो. उरलेल्याची सवय होते, आणि नंतर तोच नसला तर चुकल्यासारखं वाटतं.

पेजेला एक वाटी तांदूळ आणि आठ वाट्या पाणी. भांडं जाड बुडाचं आणि मोठं घ्या, कारण पेज उतू जाते आणि गॅसची शेगडी धुण्यात सगळा आनंद संपतो. उकळी आली की आच मंद करा, झाकण तिरकं ठेवा, पाऊण ते एक तास जाऊ द्या. दाणा टोकाशी फुटलेला दिसला आणि बोटांत चिरडल्यावर मधे कणी लागली नाही, की झाली. मग गॅस बंद करून पंधरा मिनिटं तशीच झाकून ठेवा. ही पंधरा मिनिटं बहुतेक जण खातात. तेवढ्यात पाणी आणि शीत एकजीव होतात, वरचं पाणी जरा दाटतं. मीठ वाढताना घालायचं. कुकरमध्ये करायची तर सहा वाट्या पाणी घ्या, कुकर निम्म्याहून जास्त भरू नका, एका शिटीनंतर मंद आचेवर वीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. सकाळी कामावर जायच्या घाईत हीच सोय बरी.

इथे पेजेची वेळ साधारण अकराची. शेतातून, बागायतीतून माणसं त्या वेळी परत येत, आणि सकाळचा चहा-पाव जिरून दुपारचं जेवण अजून लांब असे. तुम्ही कंपनीत असता तेव्हा ते जमणार नाही. मग रात्री करा. दमून आल्यावर कोमट पेजेसारखं दुसरं काही नाही असं माझं मत आहे, आणि माझ्या डब्यांच्या गिऱ्हाइकांतले निम्मे पावसाळ्यात रात्रीला पेजच मागतात. तुम्ही सोलापूरच्या, ताकातल्या ज्वारीच्या कण्या खाऊन वाढला असाल. त्याच जातीचं हे अन्न आहे, म्हणून तुम्हाला ते परकं वाटू नये. तूप घालायचा मोह होईल. घाला, मी हरकत घेणार नाही, पण मग लोणचं बेतानं घ्या.

आता पेजेबरोबर काय. इथेच घराघरांत फरक पडतो. सगळ्यात पहिलं म्हणजे खारातलं तोर, मिठाच्या पाण्यात मुरवलेली कोवळी कैरी. तिचे तुकडे करून हिरवी मिरची, चिमूटभर हिंग आणि कच्चं खोबरेल घालून हातानं कुस्करायचं. कैरीला मीठ असतंच, वरून घालू नका. मग भाजलेला पापड. मासळी खात असाल तर निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजलेला सुका बांगडा, किंवा किसमूर. त्यासाठी सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, खरपूस भाजून चुरायची आणि त्यात ओलं खोबरं, कांदा, तिखट, चिंचेचा कोळ कालवायचा. अगदी खायच्या वेळी कालवा, आधी कालवून ठेवलं की सुंगटं मऊ पडतात.

पण पेजेचा खरा सोबती म्हणजे कालची कडी. आदल्या दिवशीचं उरलेलं हुमण मातीच्या कुंडल्यात, नसेल तर लोखंडी कढईत, मंद आचेवर आटवत न्यायचं. रस्सा दाट होतो, कडेला तेल सुटतं, चव एकवटते. बोटाच्या टोकाएवढी कडी आणि वाटीभर पेज, असं प्रमाण. हॉटेलात हल्ली ही मेन्यूवर दिसते, पण तिथे बहुतेकदा ताजीच कडी आटवून देतात. तिला रात्रभर मुरलेली आंबट-तिखट चव येत नाही. रात्री कडी फ्रिजमध्ये ठेवा, ओट्यावर नको. मडगावच्या उकाड्यात सकाळपर्यंत ती टिकेलच असं नाही.

वाटपाकडे वळते. तुमचं खोबरं चरबरीत राहतं, त्याची कारणं दोन असावीत. एक तर नारळ फ्रिजमधून काढून थंडच वाटत असाल. खोबऱ्याचं तेल 24-25 अंशांखाली थिजतं, त्यामुळे थंड खोबरं वाटलं की तेलाच्या गुठळ्या वेगळ्या आणि चोथा वेगळा होतो. खवलेला नारळ कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि मिक्सरमध्येही कोमटच पाणी घाला. दुसरं म्हणजे सगळं एकदम टाकत असाल. धणे आणि सुक्या मिरच्या आधी पंधरा-वीस मिनिटं भिजवा, त्या थोड्या पाण्यात एकट्या वाटून घ्या, मग खोबरं घाला. पाणी चमच्या-चमच्यानं वाढवा. भांडं गरम झालं की थांबा, पुन्हा सुरू करा. शेवटी दोन बोटांत चोळून बघा, कण लागला तर अजून वाटा. रगड्यावर वाटणारी माणसं आता कमी उरली, आणि मीही डब्यांसाठी ओला ग्राइंडरच वापरते, पण बोटांची ही परीक्षा बदललेली नाही.

चौघांच्या कडीला अर्धा नारळ पुरतो. आडोळीवर, म्हणजे खवणीच्या विळीवर, खवताना करवंटीजवळचा तपकिरी भाग येऊ देऊ नका, त्यानं रंग मळतो आणि चव जड होते. त्यात पाच-सहा सुक्या मिरच्या. रंगासाठी बेडगी घ्या, आणि त्यातली एखादी काणकोणची खोला मिरची असेल तर उत्तम. चमचाभर धणे, चार-पाच मिरी, अर्धा चमचा हळद, सुपारीएवढी चिंच. मासळीच्या कडीला अर्धा कांदाही वाटतात. बस. यात जिरं, बडीशेप, गरम मसाला काही नाही. नवशिके इथे घाबरतात आणि काहीतरी घालत सुटतात. कडी मग शागोती, म्हणजे भाजलेल्या मसाल्यांचा रस्सा, तीही होत नाही आणि हुमणही राहत नाही.

हुमण करताना वाटपात पाणी घालून एक उकळी काढा, मीठ घाला, सात-आठ तिरफळं ठेचून टाका, मग मासळी. ती शिजली की दोन-तीन सोलं, म्हणजे वाळवलेली कोकमं, टाकून झाकून ठेवा. फोडणी नाही. शेवटी चमचाभर कच्चं खोबरेल फिरवलं तर वास घरभर जातो. तिरफळाची काळी बी काढून टाका, फक्त साल वापरा, आणि ती कधीही वाटू नका. वाटली की कडू होते. तिरफळ बांगड्याला, तारल्याला, पेडव्याला. सुंगटांना घालत नाहीत, त्यांचा गोडवा मारला जातो. जेवताना ताटात आलं तर बाजूला काढायचं, चावलं तर जीभ थोडा वेळ बधिर होईल. घाबरू नका.

याच वाटपातून, मासळी न घालता, कैरीची, भेंड्यांची नाहीतर फणसाच्या बियांची कडी होते. भेंडी आधी थोड्या खोबरेलावर परता म्हणजे तार सुटत नाही.

खोबरं भाजून केलेलं वाटप हा वेगळा विषय आहे. त्याचं टोणक होतं, आळसांद्याचं म्हणजे चवळीच्या मोठ्या जातीचं किंवा अळंब्यांचं. कांदा आणि खोबरं तांबूस होईपर्यंत परतायचं, त्यात भाजलेले मसाले. रविवारचं जेवण आहे ते, रोज पचत नाही. तुम्ही ते सध्या सकाळच्या भाजी-पावाच्या दुकानात खा. मडगावला आणि पणजीला कॅफे टाटोसारख्या जुन्या उपाहारगृहांत पातळ भाजी, सुकी भाजी, मिक्स असे प्रकार मिळतात. घरी भाजी-पाव करायचा असेल तर पाव मात्र पोदेराचाच, म्हणजे पाववाल्याचाच, घ्या, सायकलचा भोंगा ऐकू आला की खाली उतरून. कोंड्याची पोई भाजीला चांगली, कडक उंडो चहाला.

आता सोलकढी. फाटते ती दोनच कारणांनी, तापवल्यामुळे किंवा आंबट जास्त झाल्यामुळे. नारळाच्या दुधातली प्रथिनं आंबटाला आणि उष्णतेला एकत्र सापडली की साकळतात. वाटीभर कोमट पाण्यात आठ-दहा सोलं आणि मीठ अर्धा तास भिजवा, कुस्करून पिळा. नारळाचं दूध वेगळं काढा, दोन्ही गार होऊ द्या, मग दुधात आगळ, म्हणजे हे पिळलेलं सोलांचं पाणी, थोडं थोडं घालत चाखत जा. रंग फिकट गुलाबी झाला की थांबायचं. गडद गुलाबी सोलकढी दिसली की मला शंका येते. काही ठिकाणी त्यात बीट घालतात, आणि मग तिला गोडसर मातकट चव येते. थोड्या वेळानं वर साय धरली तर ते फाटणं नव्हे, ढवळून प्या. त्याच दिवशी संपवा.

नारळ नसेल त्या दिवशी फुटी कडी करा. सोलांचं पाणी, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, वरून मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी. भातावर घ्या किंवा प्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि तापात तोंडाला चव नसेल तेव्हा हिच्याइतकं काही चालत नाही.

सोलं घेताना मऊ, काळपट, मिठानं ओलसर अशी घ्या. कोरडी कडक म्हणजे मागच्या वर्षाची. कोकम एप्रिल-मे महिन्यात पिकतं, त्यामुळे पावसाआधीच वर्षाची सोलं भरून ठेवतात. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या सुमाराला पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, फेरी (जत्रेसारखा बाजार) भरते. तिथे सोलं, सुकी मासळी, मिरच्या, चिंच, कांद्याच्या माळा सगळं एका ठिकाणी मिळतं. तुम्ही मडगावातच आहात, फेरी सापडली तर पिशव्या घेऊन जा. नाही सापडली तर गांधी मार्केट आहेच.

आईबाबांच्या पाहुणचाराबद्दल. माळकरी म्हणजे मासळी नाही, आणि बहुतेक कांदा-लसूणही नसावा असं धरून सांगते. याची काळजी सोडा. इथल्या देवळांतलं आणि सणासुदीचं सगळं जेवण कांदा-लसणाशिवायच असतं, त्यामुळे पर्याय भरपूर आहेत.

पहिल्या दिवशी मुगागाठी करा. हिरवे मूग रात्री भिजवा, सकाळी निथळून फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड येतील. मोड आलेले मूग कोमट पाण्यात टाकून हातानं चोळले की सालं वर तरंगतात, ती ओतून टाका. सगळी नाही गेली तरी बिघडत नाही. हळद घालून मूग शिजवा, पण मोडू देऊ नका. ओलं खोबरं, धणे, दोन-तीन सुक्या मिरच्या यांचं वाटप घाला, सुपारीएवढा गूळ, मीठ. मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी वरून. दोन दिवस आधी मूग भिजवायला विसरू नका, कारण या पदार्थाला ऐनवेळचा पर्याय नाही.

भाजीला तायकिळो. तुमच्याकडे टाकळा म्हणतात तोच. पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला सगळीकडे उगवतो, पण रस्त्याकडेचा खुडू नका. बाजारात बायका जुड्या घेऊन बसतात, त्यांच्याकडून कोवळा घ्या. फणसाच्या बिया, ज्यांना इथे भिकणां म्हणतात, सोलून आधी शिजवा, मग चिरलेला तायकिळो, हिरवी मिरची, आणि वरून भरपूर ओलं खोबरं. पाला पटकन शिजतो, हिरवा असतानाच उतरवा. तेरंही, म्हणजे रानअळू, याच दिवसांत येतं, पण आईबाबा असताना त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यातले सुईसारखे स्फटिक घशाला खाजवतात. सोलं किंवा आंबाडे घालून ते नीट शिजवावं लागतं, आणि पहिल्या खेपेला ते पाहुण्यांवर करून बघायचं काम नाही.

खतखतंही मोठं छान, पण त्याला पाच तरी भाज्या आणि कंद लागतात, तूरडाळ, तिरफळं, गूळ, सोलं लागतात, आणि चौघांपुरतं ते धड होत नाही. देवळातल्या प्रसादाच्या जेवणात मिळालं तर तिथेच खाऊ घाला. फोंडा तालुक्यात मंगेशी, शांतादुर्गा अशी देवळं आहेत, आईबाबांना दर्शनाला आणाल तेव्हा चौकशी करा.

आंबे संपत आले असतील, पण बाजारात शेवटचे रायवळ दिसले तर सासव करा. आंब्याचा गर बोटांनी सोडवायचा, खोबरं, सुकी मिरची, गूळ वाटायचा आणि अगदी शेवटी चमचाभर मोहरी घालून दोन फेऱ्या द्यायच्या. मोहरी फार वाटली की कडवट होते. आंबे नसतील तर अननस चालतो. तोंडी लावायला नीरफणसाचे काप, तिखट-मीठ-हळद लावून, रव्यात घोळवून तव्यावर. रात्री दमले असतील तर तिझान द्या. नाचणीचं पीठ गार पाण्यात कालवून मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचं, गूळ, चिमूटभर मीठ आणि उतरवताना नारळाचं दूध. गाठी झाल्याच तर गाळून घ्या, कोणाला कळत नाही.

उकड्या तांदळाचं शीत त्यांना पहिल्या दिवशी जड वाटेल, म्हणून सुरुवातीला साधा भातच करा आणि पेज तिसऱ्या-चौथ्या रात्री पुढे करा, खारातल्या तोराबरोबर. आणि मडगावच्या बाजारातून ज्वारीचं पीठ आणून ठेवा. दोन दिवसांत बाबांना भाकरी आठवेलच. त्या दिवशी मुगागाठीचा रस्सा जरा दाट ठेवा, भाकरीबरोबर चांगला लागतो.